काथ्याचा दोर

माझ्या भावाचं, गोमाजीचं, डोकं शिडाच्या काठीनं फोडलं. मागून येणारा वारा एकाएकी फिरला, काठीला आवरून धरणारा काथ्याचा दोर तुटला, आणि ती थोरली काठी गलबताच्या या अंगाहून त्या अंगाला आली. तुडीलच्या धक्क्यावर त्याला उतरवलं तेव्हा तोंड ओळखू येईना.

आता त्याच गलबतावरून माझा नवरा येसाजी बसऱ्याला निघाला होता. जन्म गेला भातशेतीत, थोडे दिवस मुंबईच्या गोदीत काढले म्हणून स्वतःला मोठा दर्यावर्दी समजायचा. दोराऐवजी बांधायला त्यानं गोदीतून लोखंडी साखळी आणली. मलाही ती पटली. मला माझं कुंकू हवं होतं.

गलबताचे तांडेल हैबतीमामा मात्र ऐकेनात. "गोमाजीचा दोर कुजका व्हता, ती चूक माजी. नवा दोर बांधू, बाजूला कोयता टांगू. वारा उलटला की एक घाव घालून काठी मोकळी सोडायची नि आडवं पडायचं, नायतर गलबत कलंडतं. साखळी कशानं तोडशील, येसा?"

"मेव्हण्याला मारलास, आता मला मारतोस?" येसाजीनं म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मामा पडले तरी लाथा घालत राहिला. खलाशी नुसते बघत होते, गोमाजीला त्यांनीच उचलून आणलं होतं. मामा रक्त थुंकत उठले.

"बांध तुजी साखळी," म्हणाले.

पहिल्याच फेरीत, दर्या गाठायच्या आधीच, सावित्री नदीच्या वळणावर वारा उलटला. साखळीनं काठी सोडली नाही, तसं गलबत कुशीवर गेलं आणि पाणी आत शिरलं. ताणलेली साखळी खुंटावरून निघेना. मामांनी कोयता घेतला आणि उभं राहून खुंटावरच घावावर घाव घातले. खुंट तुटला, गलबत सावरलं. फिरलेली काठी मामांच्या कपाळावर बसली. ते जागीच गेले.

गलबत माघारी आलं तेव्हा मामांची बायको प्रयागबाई काठावर आली ती ओला दोर घेऊन. येसाजीला तिनं झोडपायला सुरुवात केली. पाठ सोलली, कान फाटला, तो हलला नाही. मी आडवी गेले नाही. मला तिचा राग येत नव्हता, त्याचा येत होता. हात थकले तेव्हा तिनं दोर त्याच्या अंगावर टाकला.

"तुज्यासाठीच वळून ठेवला व्हता त्येंनी. आता ह्यो बांध."

येसाजी दोर उचलून गलबताकडे गेला. दोराच्या बाजूला टांगायला मी घरातला कोयता घेऊन त्याच्या मागोमाग गेले.