सहा महिन्यांच्या आतला फोटो

पासपोर्टचा फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, असं निखिलनं जर्मनीहून फोनवर सांगितलं, तेव्हा दयाराम भोयरांना चूक आपलीच वाटली. त्यांनी पाठवलेला फोटो रिटायरमेंटच्या वेळचा होता. त्यात मिशी काळी होती आणि गाल भरलेले होते. आठ वर्षांपूर्वीचा माणूस दाखवून आजच्या माणसाला देशाबाहेर कोण सोडील?

खरं तर भिलाईच्या कारखान्यात त्यांच्या गेटपासवर लग्नाच्या वर्षीचा फोटो होता आणि शेवटपर्यंत तोच चालला. गेटवरचा जवान चेहरा पाहतच नसे, पासचा रंग पाहून मान हलवी. पण हे परदेशाचं काम. त्याला नियम असणारच, आणि नियम म्हटला की दयाराम त्याच्यापुढे मान तुकवत. कारखान्याच्या रेल मिलमध्ये सारी नोकरी त्यांनी अशीच काढली होती.

बेत असा होता की सून अपेक्षाचं बाळंतपण चैत्रात, तेव्हा दोघा नवराबायकोंनी तीन महिन्यांसाठी हॅम्बुर्गला जायचं. विजयाबाईंचा पासपोर्ट तर बाळाची चाहूल लागायच्या आधी, मागच्या उन्हाळ्यातच झाला होता. अपेक्षाच्या भावाच्या लग्नाला सगळे नागपूरला जमले होते. घर बंद आहे म्हणून दयाराम दोन दिवसांत परतले, विजयाबाई लेकाबरोबर मागे राहिल्या आणि तेवढ्यात निखिलनं आईचं काम उरकून टाकलं. "तुमचं ऑनलाइन भरून देतो पप्पा, फक्त एक फोटो पाठवा," तो म्हणाला होता.

तो एक फोटो काही केल्या पास होईना. पावसाळ्यात दयाराम पावर हाउसच्या बाजारात भूपेंद्रच्या स्टुडिओत जाऊन नवा काढून आले. दोन महिन्यांनी निखिल म्हणाला, कानामागे सावली दिसते. दसऱ्याच्या आधी दुसरा काढला, त्यात म्हणे चष्म्यावर उजेड चमकला. हिवाळ्यात चष्मा काढून तिसरा. मधेच फॉर्मची मुदत संपली आणि तो पुन्हा भरावा लागला. आता विजयाबाईंचं विमान आठ दिवसांवर आलं, तर निखिल म्हणतो, नियम बदलला, आता तीनच महिन्यांच्या आतला पाहिजे.

"आई पुढे येऊ दे, पप्पा. आपका फोटो पास झाला की पंधरा दिवसांत तुमचं तिकीट काढतो."

म्हणून दयाराम चौथ्यांदा भूपेंद्रच्या स्टुलावर जाऊन बसले.

"चाचा, अब तो आपका चेहरा मुझे मुँहज़बानी याद है," भूपेंद्र कॅमेऱ्याआडून म्हणाला. "आप घर बैठो, मैं ऐसे ही बना देता हूँ."

"असं नाही चालत. आजचा पाहिजे," दयाराम गंभीरपणे म्हणाले आणि हनुवटी थोडी वर केली.

फोटोचं पाकीट खिशात घालून ते खाली आले, तर चहाच्या टपरीवर तेजराम बसलेला. दोघं एकाच शिफ्टमध्ये होते. तेजराम परवाच मस्कतला लेकीकडे राहून आला होता आणि त्याला अजून ते सांगायला माणसं पुरत नव्हती.

"काय गा दयाराम, पुन्हा फोटो? पिच्चरमंदी घेतलं का तुले?"

"पासपोर्टचा फेल होऊन राहिला ना. जुना होते म्हणते."

"कायचा?"

"पासपोर्टचा फोटो."

तेजरामनं बशी खाली ठेवली. "अबे, पासपोर्टले फोटो द्याच लागत नाही."

"तुह्या वेळी नसन लागला."

"माह्या वेळी म्हणजे काय इंग्रजाच्या राज्यात? मागच्या वर्षीची गोष्ट हाय. रायपूरले गेलो, पोट्टीनं खुर्चीवर बसवलं, बोटं ठेवा म्हणे, सामने देखो म्हणे, अन् काढला तिनंच. मी खिशात आठ फोटो घेऊन गेल्तो, आठच्या आठ वापस आणले. घरी आलो तं बायकोनं एक भिंतीले लावून पाह्यला. म्हणे, हार चांगला शोभन."

टपरीवाला हसला. दयारामही हसले, कारण सगळे हसत होते.

"पण निखिल जर्मनीतून भरते," ते म्हणाले. "तिकडचा नियम अलग असन."

"पासपोर्ट इंडियाचा ना? मंग? अन् भरणारा कुठूनबी भरो, बसा तं तुलेच लागते तिथं. तुले एकडाव तरी बलावलं का?"

चहा अर्धाच ठेवून दयाराम घराकडे, कॅम्प-1 च्या रस्त्याला लागले.

चालता चालता त्यांना विजयाबाईंच्या चौकशीला आलेला पोलीस आठवला. त्याला त्यांनी चहा पाजला होता, बिस्किटं दिली होती आणि सहज विचारलं होतं, "माझं कधी येईल?" त्यानं कागद वरखाली करून म्हटलं होतं, "दादा, इसमें तो सिर्फ माताजी का नाम है." तेव्हा दयारामना वाटलं, फोटो अडलाय म्हणून नाव पुढे गेलं नसेल. पोलिसाला त्यांनी तसं समजावूनही सांगितलं होतं. आता ते आठवून कान गरम झाले.

म्हणजे फॉर्म भरलाच नव्हता. एकदाही नाही. लेकाला बाप नको होता. सुनेला नको असेल, तिनं सांगितलं असेल. एवढंच होतं तर सरळ म्हणायचं होतं, मी काय हट्ट धरला असता? पण सावली, चष्मा, मुदत... पोरानं वर्षभर एकेक कारण शोधून काढलं आणि आपण दर वेळी भांग पाडून स्टुलावर जाऊन बसलो.

मग त्यांना विजयाबाईंची कीव आली. तिला हे कळलं तर ती विमानात काय बसेल! लेकाच्या नावानं रडत जाईल बिचारी. ती जाईपर्यंत आपण काही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या चौकापर्यंत ते ह्याच ठरवण्याच्या आधारानं चालले, आणि तिथं अचानक थांबले. मागून येणाऱ्या ऑटोवाल्यानं शिवी घातली.

विजयाचा पासपोर्ट नागपूरला झाला. म्हणजे विजया त्या खुर्चीवर बसली होती.

घरी विजयाबाई पलंगावर बॅग उघडून बाळाची दुपटी रचत होत्या. जुन्या लुगड्यांची, मऊ झालेली. दयारामनी चपला काढल्या, फोटोचं पाकीट बॅगेशेजारी ठेवलं.

"तुह्या पासपोर्टचा फोटो कोणं काढला होता?"

विजयाबाईंचा घडी घालणारा हात थांबला. "कावून?"

"विचारून राहिलो."

"तिथंच काढला. आफिसात." त्यांनी दुपटं पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. "कोणं सांगतलं तुमाले?"

"तेजरामनं. तुले मालूम होतं. चार डाव गेलो मी भूपेंद्रकडे. आज सकाळी तं तूच शर्टले इस्त्री करून देल्ली."

विजयाबाईंनी पुढचं दुपटं उचललं.

"पोरानं तुले चूप राहा म्हटलं. त्याले बाप नको. पण तू?"

"निखिलनं नाही म्हटलं," विजयाबाई हळूच म्हणाल्या. "तो तं दोघांचे कागद काहाडून बसला होता नागपूरले. मीच म्हटलं, माहा एकटीचा कर."

दयारामना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ते खुर्ची ओढून बसले.

"तुमी शिफ्टमंदी होते, तवा बरं होतं जी," विजयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट त्या दुपट्याशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. "फर्स्ट असो, नाइट असो, आठ घंटे घर माहं होतं. रिटायर झाले अन् माही शिफ्टच सुटेना. दूध उतू जाईन, गॅस कमी कर, एवढं तेल कायले. शेजारणीसंग बोलली तं विचारता, काय बोलली. मी म्हटलं, कधीतरी नातू होईन, तीन महिने त्याले न्हाऊ घालीन, कोणी मांगं उभं राहून सांगणार नाही."

"मंग मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं तुमी मले एकटीले जाऊ देल्लं असतं?"

दयारामनी विचार केला. "आता तुले कसं कळन?" एवढंच ते म्हणाले. "तू विचारलंच नाही."

संध्याकाळी पोळ्या चालल्या होत्या तेव्हा निखिलचा व्हिडिओ कॉल आला. रोज विजयाबाई उचलत. आज दयारामनी उचलला आणि फोन घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"पप्पा, फोटो झाला क्या?"

"झाला बेटा. किती दिवसांचा चालते म्हटलं होतं तू?"

"तीन महिने. पहले सहा था, आता तीन केलं."

"कोणं केलं?"

"वो लोग... पासपोर्टवाले. वेबसाइटवर आहे, पप्पा."

"अन् आजचा काढला, अन् परवा मिशी काढून टाकली, तं चालन का?"

"नाही चालणार. सेम दिसलं पाहिजे."

"कान दोन्ही दिसाले पायजे?"

"हो, दोन्ही."

"अन् हसलो तं?"

"हसायचं नाही, पप्पा. रिजेक्ट होतो."

विजयाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. "पुरे करा जी," त्या म्हणाल्या.

दयारामनी ऐकलं नाही. त्यांचा आवाज शांत होता, पूर्वी ते काम समजून घ्यायला वरिष्ठांना विचारत तसा. "अन् यावेळी पास झाला तं मंग काय, बेटा? मले बलावन का कोणी?"

"हो मग! अपॉइंटमेंट येईल. मी सगळं बघतो, आप टेन्शन मत लो."

"निखिल," विजयाबाई पोळपाटापासूनच मोठ्यानं म्हणाल्या, "तुह्या पप्पाले मालूम झालं."

पडद्यावरचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, जणू नेट अडकलं. मग निखिल बापाच्या खांद्यापलीकडे, आईकडे पाहायचा प्रयत्न करत म्हणाला, "आई, तू कावून सांगितलं?"

"तिनं नाही सांगतलं," दयाराम म्हणाले. "बाजारात कळलं."

तिकडे मागे अपेक्षा काहीतरी विचारत होती, निखिलनं तिला हातानं गप्प केलं.

"पप्पा, सॉरी. सच में. ऐका ना, मी आत्ता भरतो तुमचा. तत्काळमध्ये होतो. व्हिसाला थोडा टाइम लागेल, पण पुढच्या महिन्यात तुम्ही इथं. ठीक है ना, आई?"

दयाराम वळले. त्यांनी फोन थोडा खाली केला आणि विजयाबाईंकडे पाहिलं. त्यांना फार काही नको होतं. मान हलली असती तरी चाललं असतं. "या" एवढं तोंडातून निघालं असतं, मनातून निघालं नसतं, तरी त्यांनी ते चालवून घेतलं असतं.

विजयाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. ती फुगली, त्यांनी कपड्यानं कडा दाबल्या, उतरवली, आणि दुसरी टाकली.

"आई?" फोनमधून आवाज आला.

"राहू दे, बेटा," दयाराम म्हणाले. "तिकडं थंडी लय असते म्हणते. मले सोसत नाही."

त्यांनी फोन विजयाबाईंच्या समोर डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे लेकाला आईचा चेहरा नीट दिसेल, आणि बाहेर जाऊन बसले.