बिसरामचा राजीनामा

त्या रविवारी केशोरीच्या सेवा मंडळाच्या सभेला अकरा जणांपैकी दोघेच आले, किराणा दुकानदार हिरालाल आणि गावची सुईण रुख्मिणीबाई. चिटणीस बिसराम देवळाच्या ओसरीत खांबाला टेकून बसला होता. धानकापणीचे दिवस होते आणि वस्त्यावस्त्यांवर हिवताप पसरला होता. आठवडाभर तो एकटाच बांधाबांधाने कोयनेलच्या गोळ्या वाटत फिरला होता.

"येत्या हप्त्यात कोन जाईन?" हिरालालने विचारले.

"मी नाही जात," बिसराम म्हणाला. "माह्यानं होत नाही आता. मंडळच बंद करून टाकू."

तीन वर्षे चालवलेले काम मोडताना आपल्याला वाईटही वाटत नाही, याचेच त्याला नवल वाटले.

रुख्मिणीबाईने जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग कसं तापून राहिलं तुमचं! सांगत काऊन नाही?"

"मले वाटलं, थकलो."

तिने झोळीतल्या दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा लोटा पुढे केला. मग ती हिरालालकडे वळली. "बंद कायले कराचं? तलावापलीकडं तुमी जा, इकडं मी जातो."

कापणीची कुरकुर करत हिरालाल कबूल झाला. दोघे वस्त्या वाटून घेऊ लागले. बिसराम चटईवर आडवा झाला. शेवटच्या घरची म्हातारी गोळी थुंकते, तिला गुळात द्या, एवढे त्याला सांगायचे होते. पण त्याआधीच त्याचा डोळा लागला.