भोक माझं, आळ सुंदरेशांवर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि खरं सांगतो, माझं डोकं आज फार तापलं आहे. राउटर म्हणजे घरात इंटरनेट आणून वाटणारी पेटी. नुसते दिवे लुकलुकवणारा डबा नव्हे!

तमिळनाडूत कुंभकोणमला सतीशकुमार आणि त्यांची बायको राजेश्वरी या तंजावरी मराठी जोडप्याच्या घरी मी भिंतीवर लागलो, तेव्हा माझं काय कौतुक झालं! नवरात्रातल्या आयुधपूजेला मला गंधकुंकू लागायचं, डोक्यावर शेवंतीचं फूल यायचं. राजेश्वरीअम्मा रेशमी साड्यांचे काठ संगणकावर काढतात. त्यांची सगळी नक्षी एका डिस्कमध्ये असायची आणि ती डिस्क माझ्या पाठीला जोडलेली. जवळच्या दारासुरम गावचे विणकर सुंदरेश ती नक्षी मागावर उतरवायचे. ते तमिळ, पण घरी येऊन येऊन या घरची मराठीही शिकले होते.

सतीशकुमारांनी माझा पासवर्ड ठेवला 'ओल्यानारळाचीकरंजी'. केवढा अभिमान त्यांना! "आमचं मराठी या गावांत कोण्हास कळतंय? कोण्ही आंत येणार नाही की!" असं म्हणायचे.

अहो, पण माझ्या आतल्या प्रोग्राममध्येच भोक होतं! बनवणाऱ्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी दुरुस्तीही पाठवली. सतीशकुमारांच्या मोबाइलवर सूचना आली, अपडेट करा. त्यांनी 'नंतर' दाबलं. पुन्हा आली, पुन्हा 'नंतर'. क्रिकेट चालू होतं ना! पुढच्या दाराला भलंथोरलं कुलूप आणि मागची भिंत फुटलेली, असा सगळा कारभार. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

व्हायचं तेच झालं. रथाच्या चाकात कमळाची कळी बसवलेला एक काठ अम्मांनी उन्हाळाभर खपून काढला होता. साडी अजून मागावरच होती, आणि तोच काठ एका परक्या दुकानाच्या जाहिरातीत झळकला. कुणीतरी दूरवरून माझ्या भोकातून शिरून नक्षी उचलली होती.

आणि आळ आला कुणावर? सुंदरेशांवर!

"अण्णा, पासवर्ड मराठींत आहे. बाहेरच्यांत ते तुम्हांसच की कळतंय," अम्मा माझ्यासमोर म्हणाल्या.

"मी काहीं घेतलों नाही, अम्मा. स्वामिनाथाची आण." सुंदरेश म्हणाले.

"आमची भाषा शिकून आम्हांसच बुडविलांत!" सतीशकुमार ओरडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! सुंदरेशांनी हातातला कॉफीचा भरलेला पेला खाली ठेवला आणि ते निघून गेले. दारासुरमभर बोभाटा झाला. दुसरे मालकही त्यांना काम देईनात. मी इथे भिंतीवर जळत होतो, पण माझं कोण ऐकणार?

पुढे सतीशकुमारांची बहीण लावण्या चेन्नईहून आली. ती संगणकातली जाणकार. तिने आपल्या मोबाइलचं वाय-फाय बंद केलं आणि बाहेरच्या नेटवरून, कसलाही पासवर्ड न घालता, माझ्या पाठीवरची डिस्क उघडून दाखवली.

"बघ, दादा. करंजीचा पासवर्ड कोण्हास लागला?"

सतीशकुमारांची मान खाली गेली. लावण्याने तिथल्या तिथे मला अपडेट केलं, पासवर्ड बदलला, डिस्क काढून कपाटात ठेवली. चहा उकळेपर्यंतचं काम! एवढ्यासाठी 'नंतर'?

नवरा-बायको दारासुरमला जाऊन हात जोडून आले. काल सुंदरेश साडीचा नमुना परत द्यायला आले, तेव्हा अम्मा दाराकडे धावल्या.

"आंत या की, अण्णा. कॉफी ठेवतें. आमचं चुकलं."

सुंदरेश उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "वेंडाम्, अम्मा," ते म्हणाले. नको, एवढंच, आणि तेही तमिळमध्ये. या घरात ते आजवर मराठीच बोलत आले होते. अम्मा नमुना हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आज घरी गेलात की तुमच्या राउटरचं अपडेट राहिलंय का ते घरच्यांना बघायला लावा. मोठी माणसं 'नंतर' म्हणाली तर हटून बसा. फारच जुना झाला असेल तर खुशाल मोडीत काढा, मला राग येणार नाही. पण आमच्या भोकापायी कुणा भल्या माणसाला चोर म्हणू नका. आमची भोकं बुजतात हो, ते माणूस परत येत नाही.