सहा खळगे

"पुन्हा उजळले," पडद्यावरून नजर न काढता नोएलीन म्हणाली.

"कुठले?"

"काहीच न घातलेले. सहाच्या सहा."

"मग तुझ्याच हातून घाण गेली असणार." ॲलस्डेअर हसला. प्रयोगशाळेचा प्रमुख असला तरी वयाने तिच्या मुलाएवढा. "एकोणीस वर्षांत एकदा चुकलीस, बिघडलं कुठं?"

नोएलीनला राग आला. तीन आठवड्यांत तिने पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, पेशी उबेत ठेवायची पेटी तीनदा धुतली. तबकडीतले ते सहा खळगे उजळायचे थांबेनात.

डनेडिनच्या त्या प्रयोगशाळेत पेशी जगवणं हेच तिचं काम. या पेशी कराराईना टिपेने नावाच्या माओरी बाईच्या, गाउटने, म्हणजे सांध्यात खडे साचून, सुजलेल्या गुडघ्यातून घेतलेल्या. त्यांत काजव्याचं जनुक बसवलं होतं. सुजेचा निरोप आत पोचला की पेशी उजळायची. औषधाने तो निरोप अडतो का, हे त्यावरून कळायचं. बाई पुढच्याच वर्षी गेली. तिच्या गुडघ्याला मात्र नोएलीन सोमवार, बुधवार, शुक्रवार खाणं घालत राहिली. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा आधी इथे येऊन मग ती चर्चमध्ये गेली होती.

आज शुक्रवार. दहा वाजता कराराईनाची मुलगी मेरानिया आईला घरी न्यायला आली. परवानग्या मिळवण्यातच तिचं दीड वर्ष गेलं होतं. हातात विणलेली टोपली होती.

"एकदा बघू का?" तिने विचारलं.

नोएलीनने पडदा दाखवला. "या ओळीत गाउटचे खडे घातलेत, म्हणून उजेड. आणि हे सहा... यांना कुणी हातसुद्धा लावला नाही. अंधारे असायला हवेत."

"कधीपासून असं?"

"चार तारखेपासून."

मेरानियाने पडद्याला बोट लावलं. "चार तारखेला आम्ही आईच्या थडग्याशेजारी जमीन उकरली. हिच्यासाठी."



"उजळतं तेव्हा तिला दुखतं का हो, मावशी?"

"दुखायला माणूस लागतं गं. हा नुसता निरोप आहे."

"निरोप आहे, म्हणजे कुणासाठी तरी असणारच की."

नोएलीनने सगळ्या बाटल्या आणि यंत्रातून काढून ती खळग्यांची तबकडीही टोपलीत ठेवली.

"सगळं आलं ना?"

"सगळं," नोएलीन म्हणाली आणि कागदावर सही केली.

ॲलस्डेअरचा निरोप घ्यायला मेरानिया आत गेली. उजेड मोजायचं यंत्र बंद करायला नोएलीन वळली आणि जागीच थबकली. यंत्राचा खण रिकामा होता. पडद्यावर त्याच सहा जागा उजळलेल्या होत्या.

पेशी सांभाळणारा प्रत्येक माणूस गोठवलेल्या पेशींची एक कुपी लपवून ठेवतो. नोएलीनचीही होती, द्रव नायट्रोजनच्या टाकीत तळाशी, खोट्या नावाची. ती देणं म्हणजे एकोणीस वर्षं देऊन टाकणं. तिने जाड हातमोजे चढवले. टाकीचं झाकण उघडलं.

दारापाशी मेरानिया नळाखाली हात धूत होती. थडग्यापासून निघताना माओरी माणसं करतात तसं.

"थांब गं. खोटं बोलले मी." नोएलीनने थंड वाफा सोडणारी कुपी चिमट्याने टोपलीत ठेवली. "ही शेवटची. देवाशपथ."

मेरानियाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आई म्हणायची, चांगली मोलकरीण चमचा एक तरी ढापतेच." मग तिलाच हसू फुटलं, आणि रडूही.

"घरी पोचायला किती वेळ?"

"तीन तास."

नोएलीन लगबगीने आत गेली. सकाळी सवयीने कोमट करून ठेवलेली पेशींच्या खाण्याची लालसर बाटली तिने उचलली. जाता जाता पडद्यावर नजर गेली. यंत्र चालूच होतं, पण सगळ्या जागा काळ्या होत्या.

"हे घे. तीन तास उपाशी कशी नेशील? आज तिचा वार आहे."

मेरानियाने टोपली अलगद दुसऱ्या बाजूला घेतली.

"नको, मावशी. आमच्यात मेलेल्या माणसाजवळ खाणं ठेवत नाहीत."

गाडी वळणाआड गेली. बाटली गार होईपर्यंत नोएलीन ती दोन्ही हातांत धरून दारातच उभी होती.