चिठ्ठ्या टाकून ठरणारी पाळी

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे बटण्या म्हणतात, कारण गेली काही वर्षं मी एक बटणच बनवतोय. ते दाबलं की कुणाचाही संगणकावरचा प्रयोग दुसऱ्या कुठल्याही संगणकावर पहिल्यापासून चालावा: लागतील ते प्रोग्राम आपोआप यावेत, चाचण्या पार पडाव्यात आणि शेवटी आलेख निघावा. 'माझ्याकडे तर चालतं' हे आमच्या धंद्यातलं जुनं पालुपद. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुझ्याकडे चालतं, मग जगाने तुझ्या खुर्चीत येऊन बसायचं का?

त्या दुपारी मात्र मीच मनातल्या मनात ते पालुपद घोकत होतो, ताईच्या वतीने.

ताई आमच्यातली सगळ्यात ज्येष्ठ संशोधक. सख्खी कुणाचीच नाही, पण सगळ्यांची ताई. मोठ्या साठ्यातून माहिती शोधण्याची एक नवी पद्धत तिने काढली होती, जुनीपेक्षा बारा टक्क्यांनी वेगवान. तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता, त्या बळावर दुसऱ्या शहरात कायमची नोकरी मिळाली होती आणि लेकीच्या शाळेचा दाखलाही काढून झाला होता. आता एकच सोपस्कार उरला होता. संध्याकाळपर्यंत सगळा प्रयोग माझ्या बटणात बांधून परीक्षकांकडे पाठवायचा. ते तिकडे बटण दाबणार आणि तोच आलेख निघतो का ते पाहणार.

पाठवण्याआधी मी एकदा दाबून पाहिलं. आलेखात नवी आणि जुनी, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. बारा टक्के गायब.

तुझंच काहीतरी गंडलंय, असं ताई म्हणाली, आणि मलाही तेच हवं होतं. आपल्या कामात चूक निघू नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात; मी चूक निघावी म्हणून बसलो होतो. एकेक ओळ तपासत होतो आणि ताई मागे उभी राहून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. एरवी माझ्या कामात ढीगभर चुका सापडतात. नेमकं त्या दिवशी ते चोख निघालं.

मग फरक सापडला, आणि सापडला नसता तर बरं, असं वाटलं. ताईच्या जुन्या मांडणीत नव्या पद्धतीच्या सगळ्या फेऱ्या नेहमी आधी व्हायच्या, जुनीच्या नंतर. माझं साधन मात्र आधी कोण, नंतर कोण हे प्रत्येक फेरीला चिठ्ठ्या टाकून ठरवतं. ताईचा संगणक टेबलाखाली, भिंतीला चिकटून असतो. थंड असतो तोवर धावतो. तापला की स्वतःला जपायला संथ होतो. म्हणजे इतके दिवस नवी पद्धत ताज्या दमाच्या यंत्रावर पळत होती आणि जुनी दमलेल्या यंत्रावर. ताईने हे मुद्दाम केलं नव्हतं. आपलं लेकरू पुढे करायला मुद्दाम काही करावं लागत नाही.

मी हे सांगितलं तेव्हा तिने टोपण टेबलावर ठेवलं.

"ते चिठ्ठ्यांचं बंद करता येतं?"

येत होतं. कुणीतरी मागे लागलं म्हणून मीच ती सोय दिली होती. परीक्षक बटण दाबतात, आतल्या सोयी उघडून कुणी बघत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि तिकडचा संगणकही तापणारच की.

"येतं," मी म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं, पण ताईशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

तिने यंत्र निवू दिलं, चिठ्ठ्या बंद केल्या, नवी आधी ठेवली आणि बटण दाबलं. बारा टक्के परत आले. रेघा अशा छान वेगळ्या झाल्या की माझ्या जिवात जीव आला, आणि त्याचीच मला लाज वाटली. तेवढ्यात आमचे सर दारातून डोकावले, झालं का म्हणून विचारून गेले. होतंय, असं ती म्हणाली. आता ही पाठवणार, मला वाटलं. मी आडवा गेलो असतो का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

"आता उलट चालव," ताई म्हणाली. "जुनी आधी."

यंत्र पुन्हा निवेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग आलेख आला. या वेळी जुनी पद्धत अकरा टक्क्यांनी पुढे होती.

ताई हसली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले आणि सरांकडे जायला उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "ती बंद करायची सोय काढून टाक. मला मोह झाला, उद्या आणखी कुणाला होईल."

मी काढायला बसलो. चार ओळींचं काम. भिंतीपलीकडे आधी तिचा आवाज ऐकू आला, मग सरांचा. शेवटी ती बाहेर आली आणि आमच्याच दारासमोर उभी राहून तिने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, शाळा सुटायच्या आत जाऊन येशील का?" ती म्हणाली. "दाखला परत घेतात का, विचार."