फाटकापर्यंत

अप्पांच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. बदली हवी? होईल. नळाला पाणी हवं? येईल. पोराला नोकरी, गल्लीला दिवा, गावाला पूल, सगळ्यांना एकच उत्तर: "हो, करू की. का नाही करायचं?" आलेला माणूस हवेत तरंगत घरी जायचा आणि पुढे वर्षभर वाट बघत बसायचा. इतकी वर्षं खासदार राहायचं म्हटलं की कुणाला 'नाही' म्हणून चालत नाही, आणि सगळ्यांची कामं करत बसूनही चालत नाही.

मग यातला खरा होकार कुठला आणि तोंडदेखला कुठला? हे कळणारं माणूस सगळ्या पक्षात एकच होतं, वकीलबाई.

वकीलबाई आता स्वतः तीनदा निवडून आलेल्या आमदार होत्या, पण त्यांची सुरुवात अप्पांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत झाली होती. वकिलीची पदवी नुकतीच हातात पडली होती, अशील एकही नव्हतं, म्हणून अप्पांच्या भेटीगाठी सांभाळायचं काम त्यांनी धरलं. त्यांचं टेबल दाराशेजारी होतं. तिथून अप्पांची खुर्ची दिसायची आणि अंगणापलीकडचं लोखंडी फाटकही दिसायचं. बघता बघता बाईंच्या लक्षात आलं, की काम करायचं नसलं म्हणजे अप्पा तोंडभर हसून खुर्चीतूनच निरोप देतात. काम करायचं असलं म्हणजे मात्र उठतात, पायात वहाणा सरकवतात आणि बोलत बोलत त्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला जातात. एकदाही यात चूक झाली नाही. आणि गंमत म्हणजे खुद्द अप्पांना याचा पत्ता नव्हता. जीभ खोटं बोलायला सरावली होती, पाय बिचारे अजून सरळ होते.

बाईंनी हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. एकदाच त्यांच्या पोटात राहिलं नाही. पहिल्यांदा आमदार झाल्या त्या दिवशी मिरवणुकीच्या गाडीत अप्पांशेजारी बसल्या होत्या, आनंद पोटात मावत नव्हता, आणि लाडक्या लेकीने बापाची खोड काढावी तसं त्या म्हणाल्या, की अप्पा, तुमचं खरं काय आणि खोटं काय ते मला तुमच्या पायांवरून कळतं. मग सगळं सांगितलं. अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "पोरी, हे बाहेर बोलू नकोस हं. माझं दुकान बंद होईल." दोघं मिळून पुन्हा हसले.

पुढे अप्पांचा गुडघा बिघडला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी जाहीर केलं की आता बस, संसदेची जागा मी सोडतो. या जागेसाठी दोघं उभे राहिले. एक वकीलबाई. दुसरा सिमेंटवाला, ज्याच्या कारखान्याची धूळ निम्म्या जिल्ह्याच्या खिडक्यांवर बसायची. पक्षात अप्पा ज्याच्या खांद्यावर हात ठेवतील त्याला उमेदवारी, हे लहान पोरानेही सांगितलं असतं. शिवाय पक्षाची आणखी एक पद्धत होती. दोन्ही डगरींवर हात ठेवलेला तिथे चालत नसे. ज्याला वर जायचं असेल त्याने आपली आमदारकीची जागा आधी सोडायची, भर सभेत कुणा दुसऱ्याचा हात वर करायचा, आणि एकदा वर केलेला हात पुन्हा खाली घ्यायचा नाही.

बाई अप्पांकडे गेल्या. अप्पांनी नेहमीप्रमाणे आधी घरच्यांची चौकशी केली, गुडघ्याचं रडगाणं गाऊन घेतलं, आणि मग म्हणाले, तूच, तुझ्याशिवाय आहे कोण? थोड्या वेळाने, सहज आठवल्यासारखं, त्यांनी विचारलं की तुझ्या जागेवर आपल्या धाकट्याचं काही जमतं का बघशील का. धाकटा म्हणजे अप्पांचा धाकटा मुलगा. त्याने फर्निचरचं दुकान काढलं होतं, मग व्यायामशाळा, मग छापखाना. तिन्हींच्या उद्घाटनाला बाई होत्या, आणि तिन्हींना टाळं लागलेलंही त्यांनी पाहिलं होतं.

 बाई अप्पांच्या पायांकडे बघत होत्या.

अप्पांनी काठी ओढली. खुर्चीच्या हाताला धरून, कण्हत, ते उभे राहिले आणि वहाणा शोधू लागले. आतून काकू, अप्पांच्या पत्नी, बाहेर आल्या. काकूंच्या हातचं जेवूनच बाई वकील होत्या त्या आमदार झाल्या होत्या. "कुठे निघालात त्या पायावर?" काकूंनी विचारलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिला काय वाट माहीत नाही?" अप्पांनी काठीनेच त्यांना गप्प राहायची खूण केली. मग बाईंच्या कोपराला धरून ते अंगणात उतरले. खडीवर काठी घसरत होती, चार पावलांवर थांबून श्वास घ्यावा लागत होता, तरी ते गेले. फाटकाची कडी त्यांनी स्वतः काढली. बाईंना भरून आलं. मागे वळून पाहिलं तर काकू खिडकीत उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या. नवऱ्याच्या गुडघ्याची काळजी, दुसरं काय, असं बाईंना वाटलं.

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. राजकारणातलं आपल्याला काही कळत नाही असं तो अभिमानाने सांगायचा, पण रात्रंदिवस माणसांच्या डोळ्यांत बघायचाच त्याचा धंदा होता. तो म्हणाला, "आधी त्यांना बोलू दे ना जाहीर. मग तू बोल."

"अप्पा आहेत ते," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतो."

बाईंनी त्याला विषय बंद करायला लावला. मनातल्या मनात त्यांना त्याची कीवही आली, कारण फाटकाचं त्याला कुठे माहीत होतं?

पुढच्याच आठवड्यात बाईंनी आपल्या मतदारसंघात सभा घेतली आणि धाकट्याचा हात धरून वर केला. खाली सूतगिरणीतल्या बायका बसल्या होत्या. यांच्याच जिवावर बाई तीनदा निवडून आल्या होत्या. त्यांच्या पाळणाघरासाठी बाईंनी गिरणीच्या दारात उपास केला होता. एक जाडसर मुकादमीण उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, हा?" लोक हसले. धाकटाही हसला, कारण त्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय. बाईंनी सांगितलं, की माझा शब्द समजा. मुकादमीण खाली बसली. बाईंचा शब्द तिथे चालायचा.

मग अप्पांची सभा आली. शहरातलं मोठं सभागृह, बाहेर ध्वनिक्षेपक, व्यासपीठावर अप्पा मधोमध, एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटवाला. नवरा पुढच्या रांगेत नवा कोट घालून बसला होता आणि घामाने निथळत होता. बाईंनी आभाराचं भाषण पाठ केलं होतं. सुरुवात कुठून करायची, अप्पांच्या पाया पडायचं की नुसते हात जोडायचे, हेसुद्धा ठरलं होतं.

अप्पा बोलायला उठले. बाईंचं कौतुक त्यांनी इतकं केलं, इतकं केलं, की बाई अवघडल्या. अशी हुशार, अशी कष्टाळू, माझी लेकच. लेक म्हटल्यावर टाळ्या पडल्या. आणि मग अप्पा म्हणाले, की अशी माणसं राज्यालाच हवीत, अशा माणसांना वर पाठवून राज्य पोरकं करायचं का? संसदेत धक्काबुक्की असते, तिथे दांडगा गडीच हवा. त्यांनी उजवीकडे हात लांब केला आणि सिमेंटवाल्याचा हात धरून वर केला.

सभागृह गरजलं. सिमेंटवाल्याची माणसं बरोब्बर जागोजाग बसवलेली होती, हे बाईंना आता दिसलं. कॅमेरे त्यांच्या चेहऱ्याकडे वळले. बाई टाळ्या वाजवत होत्या. आपण टाळ्या वाजवतोय हे त्यांना आवाजावरून कळलं. राज्याला हवीत म्हणे! राज्यातली जागा तर याच माणसाच्या पोरासाठी त्यांनी सोडली होती. तेल गेलं, तूपही गेलं. खालच्या रांगेत नवऱ्याने चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीने पुसत बसला, पुसतच बसला.

टाळ्या चालू असताना बाईंची नजर टेबलाखाली गेली. अप्पांच्या पायांत चकचकीत बूट होते. त्या बुटांकडे बघता बघता बाईंना सगळं एकदम कळलं. धाकट्याला आमदारकी हवी होती. सिमेंटवाल्याचं पक्षाध्यक्षांकडे वजन होतं, तो धाकट्याच्या नावाला आडवा येणार नव्हता, पण त्याची किंमत संसदेची जागा होती. राहता राहिली वकीलबाई. ती आपली जागा कशी सोडणार? तिला बोलण्याने फसवता येत नव्हतं. मग ज्या पायांवर तिचा विश्वास होता, त्या पायांनाच अप्पांनी खोटं बोलायला शिकवलं. आणि ती शिकवणी कुणी दिली होती? मिरवणुकीच्या गाडीत, हसत हसत, फुकट?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. बाईंचा फोन, जो जेवू द्यायचा नाही, तो दिवसचे दिवस मुका झाला. पक्षाच्या कचेरीत त्यांच्या खोलीत धाकट्याच्या प्रचाराच्या पत्रकांचे गठ्ठे येऊन पडले, तात्पुरते म्हणून. बाई न्यायालयात जाऊ लागल्या. इतक्या वर्षांनी काळा कोट घातला तर तो दंडांत घट्ट होत होता. रडल्या त्या एकदाच, स्वयंपाकघरात, भाजी चिरताना, आणि रडू येण्याचं कारण त्यांनी नवऱ्याला खरं खरं सांगितलं. जागा गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण बापाच्या जागी मानलेल्या माणसाने दुखरा गुडघा घेऊन, कण्हत, इतकं कष्टाने आपल्याला फसवलं, हे त्यांच्याच्याने गिळवत नव्हतं.

मग एका दुपारी अप्पा आले. बरोबर धाकटा होता. तो मोबाईलवर बोलत अंगणातच थांबला. अप्पा बैठकीत येऊन बसले, गुडघा चोळला, चहा घेतला. नवरा कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसला, पण पान काही उलटेना.

धाकट्याचं गाडं अडलं होतं. सूतगिरणीतल्या बायका त्याच्या सभेला येत, पण पाठ फिरवून बसत. मुकादमिणीने तोंडावर सांगितलं होतं, बाई आल्या तर बघू. अप्पांनी हे सगळं लपवलं नाही. झालं ते झालं, राजकारण आहे, पुढच्या वेळी तुझं नक्की, असंही म्हणून झालं.

बाईंनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी फाटकापर्यंत का आलात?"

अप्पांनी कपातला शेवटचा घोट घेतला. लाज नाही, संकोच नाही, एका कारागिराने दुसऱ्याला हत्याराबद्दल सांगावं तसे ते म्हणाले, "नसतो आलो, तर तू जागा सोडली असतीस का?"

नवऱ्याचं वर्तमानपत्र खाली आलं. बाई मात्र हसल्या. तोंडभर हसल्या.

"येशील ना मग?" अप्पांनी विचारलं. "गिरणीच्या दारात दोन शब्द बोल, बस्स. तुझा शब्द आहे तिथे."

"हो, येईन की," बाई म्हणाल्या. "का नाही यायचं?"

अप्पांचा चेहरा उजळला. काठी टेकून ते उठले, दारापर्यंत गेले, आणि सवयीने डावा हात थोडा बाजूला धरून थांबले. गेली कित्येक वर्षं या घरातून निघताना बाई त्यांना दंडाला धरून पायऱ्या उतरवायच्या, गाडीत बसवायच्या, दार लावून घ्यायच्या. आज हात तसाच अधांतरी राहिला. पाहुणा निघाला म्हणून नवरा उठायला लागला. "बसा तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या, आणि तो बसला.

अप्पांनी वळून पाहिलं. बाई खुर्चीत होत्या. अजून हसत होत्या.

अप्पा बराच वेळ तिथे उभे राहिले. त्यांची नजर बाईंच्या पायांवर गेली, तिथून अंगणावर, तिथून फाटकावर. मग त्यांनी हात खाली घेतला, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागले.

खालून धाकट्याने फोनवर हात ठेवून विचारलं, "काय झालं बाबा? काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली," अप्पा म्हणाले.