शिरस्तेदारांची सहनशक्ती

सोलापूरच्या कचेरीत वेणीमाधवराव शिरस्तेदार म्हणजे बडं प्रस्थ. मधुमेह झाला तेव्हा, हा थोरामोठ्यांचा आजार, म्हणून त्यांना मनातून बरंच वाटलं होतं. पुढं नवी वहाण लागून डाव्या तळव्याला जखम झाली. ती चिघळली, वास मारू लागली, महिने उलटले तरी भरेना.

डॉक्टर गुरुबसप्पांनी जखम धुतली आणि क्लोरीनच्या पातळ औषधाची बाटली दिली. "यात कापडाची घडी भिजवून सकाळ-संध्याकाळ बांधा. गोड बंद. आणि इन्शुलिनची सुई सुरू करू."

वेणीमाधवरावांनी बाटली हुंगली मात्र, त्यांचं टाळकं फिरलं. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात, त्याचाच वास! "हे पाणचट औषध पट्टेवाल्यांना द्या. आम्हाला जालीम काही हवं." सुईचं बोलणं तर त्यांनी ऐकलंच नाही.

घरी मोरीसाठी कार्बोलिक ॲसिड होतं. पाण्याचा थेंब न घालता त्यांनी ते जखमेवर ओतलं. अनसूयाबाई, त्यांची बायको, किंचाळल्या. यांच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

बातमी कचेरीत पोचली आणि संध्याकाळी मंडळी बघायला जमू लागली. वेणीमाधवराव पाय पाटावर ठेवत, सगळ्यांवरून नजर फिरवत आणि सावकाश ॲसिडची धार सोडत.

"सायेब, तुमी मानूस न्हाय, देव हाय की!" मायाप्पा पट्टेवाला हात जोडी.

"मनोनिग्रह लागतो, मायाप्पा," म्हणत साहेब कुणीतरी भक्तिभावानं आणलेली शेंगापोळी तुपात बुडवत.

"अहो, डॉक्टरांनी गोड..."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

होता होता दोन बोटं काळी पडली. ताप चढला, तेव्हा अनसूयाबाईंनी विचारत बसणं सोडलं आणि मायाप्पाकडून टांगा आणवला.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली. वेणीमाधवराव छताकडे बघत म्हणाले, "बघा, हूं की चूं नाही."

"कसं कराल? साखरेनं पाय बधिर झालाय. उद्या निखारा ठेवला तरी कळायचं नाही. एवढी सहनशक्ती माझ्या या टेबलालासुद्धा आहे. दंड पुढं करा."

इन्शुलिनची सुई दंडात शिरली आणि वेणीमाधवराव "आई गं, मेलो!" म्हणून असे ओरडले, की बाहेरचा मायाप्पा धावत आत आला.

"बोटं कापली का, डाक्टर?"

"अजून नाहीत. नुसती सुई टोचली."

बोटं कापावीच लागली. मग त्याच पाणचट औषधाच्या घड्या अनसूयाबाई रोज बांधत राहिल्या. पोळ्या आणणाऱ्यांना त्या दारातूनच परत पाठवत. जखम हळूहळू भरली.

साहेब काठी टेकत कचेरीत रुजू झाले. एका नव्या कारकुनानं अदबीनं विचारलं, "पायाला काय झालं, रावसाहेब?"

वेणीमाधवराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिकारीला गेलो होतो."

मायाप्पा पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं बाहेर पळाला. तांब्या भरलेलाच होता.